बायबल वाचायला बसताना: कोऱ्या पानापासून बुधवारच्या बैठकीपर्यंत

आमच्या घरात आजीचं बायबल आहे. काळा पुठ्ठा, कडा एकेकाळी लाल होत्या, आता गुलाबीसर झाल्यात. पहिल्या कोऱ्या पानावर पाच भावंडांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा आहेत, त्याखाली वेगळ्या शाईत दोन मृत्यूंच्या. पुस्तक मांडीवर ठेवून सोडलं की आपोआप २३व्या स्तोत्राशी उघडतं, कारण तिथली शिवण सैल झाली आहे. प्रकटीकरणाची, म्हणजे शेवटच्या पुस्तकाची, पानं मात्र अजून करकरीत. आजीनं काय वाचलं आणि काय टाळलं, ते पुस्तकच सांगतं.

शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं, "एकच पुस्तक तुम्ही लोक जन्मभर वाचता. संपत कसं नाही गं?" त्यांना मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर जरा लांब आहे. त्यातला पहिला भाग "का"चा आणि दुसरा, मोठा भाग "कसं"चा. तुम्ही ख्रिस्ती असा की नुसतं कुतूहल असो, दुसरा भाग दोघांच्याही कामाचा आहे.

आधी "का"

ज्याला आपण एक पुस्तक म्हणतो ते मुळात पुस्तकांचं कपाट आहे. 'बायबल' हा शब्दच ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ "पुस्तकं", अनेकवचनी. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं: जुन्या करारात (येशूच्या आधीचा भाग) ३९, नव्यात (येशू आणि त्याच्या शिष्यांचा भाग) २७. कॅथलिक बायबलमध्ये ७३, कारण तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं त्यांच्या जुन्या करारात धरली जातात. जुना करार बहुतांश हिब्रूत, थोडा अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. लिहिणाऱ्यांत आमोस हा मेंढरं राखणारा आणि उंबराची झाडं सांभाळणारा माणूस आहे. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा पौल तंबू शिवायचा. लूक वैद्य होता असं परंपरा सांगते. एवढ्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकच देव बोलतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. म्हणून आपल्याकडे बायबलला सर्रास 'वचन' म्हणतात. "आज वचन वाचलंस का?" हे आमच्या घरांत "जेवलास का?"च्याच सुरात विचारलं जातं.

पुस्तकाची पूजा मात्र होत नाही. पूजा ख्रिस्ताची. पण तो काय बोलला, कसा वागला, कुणाच्या पंगतीला बसला, हे कळायला या पानांखेरीज फारसं काही हाताशी नाही, म्हणून ही पानं मोलाची. शिवाय तो स्वतः याच शास्त्रावर वाढला होता. रानात सैतानानं तीनदा परीक्षा घेतली तेव्हा तिन्ही वेळा त्यानं उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून.

ज्यांना हे पुस्तक स्वतःच्या भाषेत हवं होतं त्यांनी त्याची किंमतही मोजली. विल्यम टिंडेलनं बायबल इंग्रजीत आणायचं काम हाती घेतलं, आणि १५३६ साली त्याला गळा आवळून मारून जाळलं. मराठीत इतकं रक्त सांडलं नाही, घाम मात्र पुष्कळ गळला. बंगालात श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरी आणि त्याच्या सोबतच्या पंडितांनी १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं एक) मराठीत छापलं, १८११ साली अख्खा नवा करार. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल एकटीनं उतरवलं. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात गेली. काम हातावेगळं करून १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, जिथे खिळे जुळवायला आश्रमातल्या मुली-बायका होत्या.

आणि रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन माणसानं त्यांना नवा करार दिला. त्यांनी वाचायला घेतला आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे ५ ते ७ या अध्यायांपाशी, ते अडकले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला या गोष्टीवरून नेहमी प्रेषितांच्या कृत्यांतला ८वा अध्याय आठवतो. तिथेही एक प्रवासीच आहे, रथात बसून मोठ्यानं यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणारा, आफ्रिकेतल्या कूश देशाचा अधिकारी. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत जाऊन विचारतो, "वाचताय ते कळतंय का?" तो सरळ म्हणतो, "कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?" बायबल वाचताना असं कबूल करायला लाज वाटायचं कारण नाही.

कुठलं बायबल घ्यावं

भारतीय बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, वाचलं जातं. उपासनेत हेच कानावर पडतं, पाठांतरही याचंच असतं, तेव्हा हे घरात असावं. त्याची भाषा भारदस्त आहे. "ह्यास्तव", "तत्काळ", "कळवळा आला" असे शब्द येतील. ते अडत असतील तर सोबतीला सोप्या भाषेतलं एखादं भाषांतर घ्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे आणि त्यातल्या टिपा वाचण्यासारख्या आहेत. दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचणं ही सगळ्यात स्वस्त शिकवणी: जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात, तिथे मूळ भाषेत काहीतरी दडलेलं असतं.

मोबाइलवर ॲप जरूर ठेवा, बसमध्ये उपयोगी पडतं. पण अभ्यासाला कागदच बरा. ॲपमध्ये वाचताना मध्येच कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब येतो आणि यशया राहतो बाजूला.

पत्ता कसा वाचायचा तेही सांगते, कारण नवख्याला तिथेच बुजायला होतं. "लूक १५:२०" म्हणजे लूक, १५वा अध्याय, २०वं वचन. बस. हे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. अध्याय पाडले गेले १३व्या शतकात, आणि नव्या करारातली वचनं मोजली रॉबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं, १५५१ साली. तेव्हा अध्याय संपला म्हणून विषय संपला असं धरू नका. पुष्कळदा तो पुढच्या अध्यायात तसाच चालू असतो.

कुठून सुरुवात करावी

उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून नको. एक जानेवारीला हा संकल्प करणारे मी शेकड्यांनी पाहिलेत, त्यांत मीही आलेच. उत्पत्ति झरझर जाते, निर्गमाचा पहिला अर्धा भाग सिनेमासारखा आहे. मग देवाच्या उपासनामंडपाचे पडदे, कड्या आणि चौरंगांची मापं सुरू होतात, आणि लेवीय हे नियमांचं पुस्तक लागल्यावर फेब्रुवारीच्या मध्यात गाडी रुळावरून घसरते.

मार्कापासून सुरू करा. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात लहान. एका रविवारी दुपारी, एका बैठकीत, दीड-दोन तासांत वाचून होतं. असं सलग वाचताना मार्काची घाई लक्षात येते. "तत्काळ", "लागलेच" अशा अर्थाचा एकच ग्रीक शब्द त्यानं ४०च्या आसपास वेळा वापरला आहे. येशू इथून तिथे निघालेलाच असतो. आणि अखेरच्या आठवड्यात आल्यावर तोच मार्क एकदम सावकाश होतो, दिवस मोजतो, शेवटी तास मोजतो. तुकड्यातुकड्यांनी वाचलं तर हे कळत नाही.

मग लूक, त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच हातची. मग मागे जाऊन उत्पत्ति आणि निर्गमाचे २० अध्याय. या सगळ्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र. १५० आहेत, पाच महिने पुरतात. सगळं बायबल वर्षभरात वाचायचं तर हिशोब सोपा आहे: प्रॉटेस्टंट बायबलचे ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच. पण पहिल्याच वर्षी हे करू नये, असं माझं मत. मी एका वर्षी तक्त्यावर टिका मारत ते पूर्ण केलं. डिसेंबरात कुणी विचारलं असतं, हबक्कूक संदेष्ट्याची तक्रार काय होती, तर मला सांगता आलं नसतं. टिका मात्र सगळ्या होत्या.

एक उतारा, वहीसकट

आता प्रत्यक्ष. बायबल, वही, पेन्सिल आणि अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला आमच्याकडे छोटी प्रार्थना करतात. तुम्ही करत नसाल तर दोन मिनिटं गप्प बसा, तेवढंही पुरतं. लूक १५:११ ते ३२ काढा. उधळ्या पुत्राचा दृष्टांत: धाकटा मुलगा वाटा घेऊन उधळतो, कंगाल होऊन डुकरं राखतो आणि घरी परततो; बाप वासरू कापून मेजवानी देतो, थोरला रुसून बाहेर थांबतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मुद्दाम घेतली आहे, कारण माहीत असलेल्या गोष्टीच आपण नीट वाचत नाही.

पहिल्यांदा मोठ्यानं वाचा. घरात कुणी हसलं तर हसू द्या. हे लिखाण मुळात ऐकण्यासाठीच होतं. तो कूशी अधिकारीही मोठ्यानं वाचत होता म्हणून तर फिलिप्पाला ऐकू आलं.

दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. अर्थ काढायचा नाही, नुसतं काय लिहिलंय ते बघायचं. कोण बोलतं, कोण गप्प आहे, कोण चालत जातं, कोण धावतं. वहीत तीन रकाने पाडा: काय दिसलं, काय अडलं, काय करायचं. पहिला रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. आपली खोड अशी की वाचलं न वाचलं तोच बोध काढायचा.

काय दिसतं बघा. डुकरांमागे उपाशी फिरताना धाकटा मनातल्या मनात एक भाषण तयार करतो, १८ आणि १९व्या वचनांत. बाबा, मी पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही. मला मजुरासारखं ठेवा. तीन कलमं. आता २१वं वचन वाचा, जिथे तो बापासमोर उभा राहून तेच भाषण करतो. पहिलं कलम आहे. दुसरं आहे. तिसरं नाही. मजुरासारखं ठेवा, हे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण त्याआधीच बाप नोकरांकडे वळून झगा आणायला सांगतो. मी ही गोष्ट संडे स्कूलपासून ऐकत आले, फ्लॅनेलच्या फळ्यावर डुकरं चिकटवली, आणि हे मला दिसलं वयाच्या चाळिशीत, दोन वचनं पेन्सिलीनं जोडताना.

आणखी एक. थोरला चिडून बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा". "माझा भाऊ" म्हणायला त्याची जीभ वळत नाही. बाप उत्तरात शब्द शांतपणे बदलतो: "हा तुझा भाऊ". भांडणातली ही गोम कळायला ग्रीक यायची गरज नाही. आपल्या घरांतही रागावलेली आई "माझा सोन्या"चा "तुमचे चिरंजीव" करतेच.

आता दुसरा रकाना, काय अडलं. बाप जिवंत असताना वाटणी मागितली, हे त्या काळी कसं दिसलं असेल? इथे मराठी वाचकाला फार समजवावं लागत नाही. सातबाऱ्यावरून अबोला धरलेली घरं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. वाटा किती? पानाच्या कडेला किंवा तळाशी बारीक अक्षरांत संदर्भवचनं असतात, ती इथे कामाला येतात. अनुवाद २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट. दोन मुलगे, म्हणजे धाकट्याला एक तृतीयांश. डुकरं का? यहुद्यांना डुक्कर अशुद्ध. तेव्हा तो नुसता गरीब झाला नव्हता, त्याच्या लोकांच्या हिशोबी बाटला होता.

मग मागे जा. हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. १५व्या अध्यायाची पहिली दोन वचनं वाचा. जकातदार आणि पापी लोक येशूभोवती जमलेत, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्माचे कर्मठ पुढारी, कुरकुर करतायत: हा असल्यांच्या पंगतीला बसतो. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू लागोपाठ तीन गोष्टी सांगतो. १००तलं एक मेंढरू, १०तलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. मग ध्यानात येतं की ज्यांना ही गोष्ट सांगितली ते घराबाहेर उभ्या असलेल्या थोरल्या भावासारखे आहेत. उधळ्या पुत्राचा दृष्टांत हे नाव नंतर कुणीतरी दिलेलं. येशूनं सुरुवात केली ती "एका मनुष्याला दोन मुलगे होते" अशी.

तिसरा रकाना ज्याचा त्यानं भरायचा. मी माझा इथे लिहिणार नाही.

प्रत्येक पुस्तक वेगळ्या चष्म्यानं

अभंग आपण सरकारी परिपत्रकासारखा वाचत नाही. स्तोत्रं ही कविता आहे, आणि हिब्रू कवितेत यमकापेक्षा अर्थाचा झोका महत्त्वाचा: एक ओळ म्हणायची, दुसरीनं तीच वेगळ्या शब्दांत पुढे न्यायची. म्हणून ती भाषांतरातही बरीचशी तगते. ११९वं स्तोत्र बघा, १७६ वचनांचं, सबंध बायबलमधला सगळ्यात लांब अध्याय. हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांची २२ कडवी, प्रत्येकी आठ वचनं, आणि एका कडव्यातलं प्रत्येक वचन त्याच अक्षरानं सुरू. विषय एकच, देवाच्या वचनाची गोडी. त्यातलं १०५वं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं: "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे" आहे. पावलांपुरता उजेड, बरं का. पुढचा फाटा दिसेल असं काही त्यात म्हटलेलं नाही.

पत्रं ही पत्रं आहेत, दुसऱ्याला आलेली. कुणाला, कुठून, काय भानगड झाली होती म्हणून, हे आधी शोधायचं. नीतिसूत्रे म्हणजे म्हणींसारखी. सर्वसाधारणपणे खरी, गॅरंटी कार्ड नव्हे. प्रकटीकरण घाईनं उघडू नका, आजीचं बरोबर होतं.

संदर्भवचनांची सवय लागली की जुना आणि नवा करार एकमेकांशी बोलायला लागतात. क्रूसावर येशू ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. तिथे जाऊन ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा आणि मग मार्काचा १५वा अध्याय पुन्हा काढा.

पाटीवरची वचनं आणि इतर खड्डे

एकतीस डिसेंबरच्या रात्री आपल्या कितीतरी मंडळ्यांत वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. मला दोनदा यिर्मया २९:११ आलं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत ते. दाराच्या पाटीवर, कॅलेंडरवर, मगवर हेच. आता त्याच्या आधीचं वचन वाचा: सत्तर वर्षं. हे पत्र बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना आहे. त्यांना सांगितलंय की लवकर सुटका नाही; घरं बांधा, बागा लावा, ज्या परक्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. ज्यांनी हे पत्र ऐकलं त्यांतले बहुतेक घरी परतलेच नसणार. मग ते वचन खोटं ठरतं का? मला तर ते मगवरच्यापेक्षा जड वाटतं. मी पाटी काढली नाही, पण आता ती पाहिली की बागा आठवतात.

दुसरा खड्डा: "बायबलमध्ये लिहिलंय" म्हणून जे खपतं ते. एका सभेत वक्त्यानं व्यासपीठावरून ठोकून दिलं, "शास्त्र म्हणतं, प्रयत्नांती परमेश्वर!" नाही म्हणत. पैसा सर्व वाईटाचं मूळ, हेही तसं नाही. १ तीमथ्य ६:१० मध्ये द्रव्याचा लोभ म्हटलंय. बिरुया गावचे लोक साक्षात पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून बघत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं आहे. तेव्हा पाळकसाहेबांना वचनाचा पत्ता विचारणं हा उद्धटपणा नाही.

तिसरं, न पचणारी पानं. १३७वं स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडत सुरू होतं आणि शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटण्याच्या ओळीवर संपतं. यहोशवा या पुस्तकात कत्तली आहेत. काही ख्रिस्ती त्यांचा एक अर्थ लावतात, काही दुसरा. पाठ फिरवू नका आणि घाईघाईनं झाकूही नका. दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवा. माझ्या वहीतले काही प्रश्न १५ वर्षांचे आहेत.

एकट्यानं आणि चार जणांत

वेळ सकाळची की रात्रीची, यावर लोक उगाच वाद घालतात. ठरलेली असली म्हणजे झालं. पाच दिवस चुकले तर मागचा अनुशेष भरू नका, आजचा उतारा वाचा. आठवड्याला एक वचन पाठ करा, कारण इस्पितळाच्या बाकावर चष्मा सापडत नाही. आजीच्या शेवटच्या दिवसांत तिला आमची नावं आठवत नव्हती, पण कुणी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हटलं की ती "मला काही उणे पडणार नाही" म्हणायची, दरवेळी, न चुकता.

आठवड्यातून एकदा मात्र चार जणांत बसा. आमची बैठक बुधवारी संध्याकाळी असते, कुणाच्या तरी हॉलमध्ये, चटया टाकून. नियम तीनच. उतारा एकच, सगळ्यांनी घरून वाचून किंवा ऐकून आणलेला. प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, प्रवचन नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं आधी ऐकायचं. हा तिसरा नियम अनुभवातून आला. आमच्यात एक मावशी आहेत, शाळा दुसरीपर्यंत, पण उभी हयात शेतावर गेलेली. बी पेरणाऱ्याच्या दृष्टांतावर त्या जे बोलल्या ते मला कुठल्याही टीकाग्रंथात सापडलं नव्हतं.

लूकाच्या १५व्या अध्यायावर बसलो तेव्हा मी प्रश्न टाकला: गोष्ट अर्धवट का सोडली? बाप बाहेर येऊन थोरल्याला समजावतो, "जे माझे ते सर्व तुझेच आहे" म्हणतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही?

बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, गेला असणार, बाप एवढा विनवतोय. एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं, मी असते तर नसते गेले. बरीच चर्चा झाली. मावशी शेंगा सोलत ऐकत होत्या.

"जाईल की आत," त्या शेवटी म्हणाल्या. "पण धाकट्याचा वाटा तर कवाच उडाला. आता जे वासरू कापलं ते कुणाच्या वाट्याचं? थोरल्याच्या. त्याला न विचारता. मंग आत जायचं म्हंजी ते कबूल करून जायचं."

चहा आला तरी कुणी वही मिटली नव्हती.